पाठचा भाऊ

"पुन्हा एकदा म्हण. आणि लेका, घाई करू नकोस," स्कितोन म्हणाला. नाटकातल्या म्हाताऱ्याची भूमिका त्याच्याकडे होती आणि त्याला तो आवाज काही केल्या जमत नव्हता.

फानियासने घसा साफ केला, मान जरा वाकडी केली आणि कापऱ्या सुरात म्हणाला, "पाठच्या भावा, वाईच ऐकून घे."

तालमीच्या अंगणात हशा पिकला. बासरीवाला तर हसता हसता भिंतीला टेकला.

सेरिफॉस बेटावर कुणाला गळ घालायची तर अशीच सुरुवात करतात. शेजाऱ्याकडे शिडी मागायची असो की रुसलेल्या व्याह्याला जेवायला आणायचं असो, समोरचा पाठचा भाऊ. त्यात कुणी थोरला नसतो, कुणी धाकटा नसतो, नुसती माया असते. अथेन्समध्ये मात्र तेच शब्द ऐकून माणसं गडबडा लोळत. खडक आणि शेळ्या यांपलीकडे ज्या बेटावर म्हणे काही नाही, ते बेट ज्या शहराच्या युद्धनौकांना चळाचळा कापतं त्याच शहराला धाकटा भाऊ म्हणतं! याहून मोठा विनोद तो काय असणार?

फानियास धंद्याने परीट. बेट सोडून इथे आला, लोकांचे लोकरीचे झगे तुडवता तुडवता त्याने जिभेवरचं बेटही धुऊन काढलं. नागरिक तो कधीच होणार नव्हता. सभेत बोलायचा, मत द्यायचा त्याला हक्क नव्हता. पण हिवाळ्यातल्या डायोनिसस देवाच्या सणात नाटकाच्या कोरसात, म्हणजे नाचगाण्याच्या ताफ्यात, बाहेरच्या माणसाला नाचता येई आणि यंदा त्याची निवड झाली होती. त्या आनंदात एका दुपारी तालमीत त्याने गंमत म्हणून बापाची नक्कल केली. नाटक लिहिणाऱ्या मोल्पिस कवीने ती उचललीच.

नाटकात अथेन्स शहर म्हणजे एक खादाड जावई दाखवला होता आणि बेटं म्हणजे त्याची सासुरवाडी. जावई हलता हलत नाही, मागेल ते ताटात पडलंच पाहिजे. शेवटी सेरिफॉसचा म्हातारा गाऱ्हाणं घेऊन येतो.

"मालक, हे आमच्या लोकांवर तर नाही ना जाणार?" फानियासने एकदा भीत भीत विचारलं होतं.

"अरे वेड्या, चिमटा शहराला आहे!" मोल्पिस म्हणाला. "दोस्त म्हणायचं आणि दोस्ताकडूनच खंडणी उकळायची, हे कुणीतरी बोलायला नको? हसतील ते स्वतःलाच हसतील."

फानियासला ते पटलं. पटवून घ्यायला त्याला फार कष्ट पडले नाहीत.

त्याचा बाप हेगीलोस याच शहरात होता, ही खरी अडचण होती. गारपिटीने द्राक्षाच्या बागा झोपल्या म्हणून खंडणी कमी करून आणायला गावाने त्याला पाठवलं होतं. हिवाळ्यासाठी समुद्र बंद होण्याआधीच्या शेवटच्या होडीने तो आला आणि पोराच्या खोलीत मुक्काम टाकून राहिला. शहराचा कारभार पाहणाऱ्या पाचशेंच्या सभेपुढे त्याची सुनावणी सणानंतर होती.

"तुजा नाच बगाया येऊ का रं?" म्हाताऱ्याने हौसेने विचारलं.

"नको बाबा. या सणाला परक्यांना येऊ देत नाहीत."

साफ खोटं होतं. त्याला कुणीही अडवलं नसतं.

नाटक गाजलं. पण लोक जावयाला हसले नाहीत. ते म्हाताऱ्याला हसले. दुसऱ्या दिवशी बाजारात मासेवाला गिऱ्हाइकांना ओरडत होता, "पाठच्या भावा, वाईच बांगडा घे!" सगळ्यांबरोबर फानियासही हसला. घरी येईपर्यंत मात्र त्याला बापाची सुनावणी आठवली.

"बाबा, सभेत ते 'पाठच्या भावा' म्हणू नका हं."

"मग काय म्हनू?"

"नागरिकहो म्हणा."

"आन गळ कशी घालायची?"

का म्हणू नका, हे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. फानियासची जीभ रेटली नाही.

सुनावणीला तो बापाबरोबर गेला आणि कठड्याबाहेर उभा राहिला. हेगीलोसने सुरुवात छान केली. नागरिकहो म्हणाला. गारपीट सांगितली, झोपलेल्या बागा सांगितल्या, गावात म्हाताऱ्याकोताऱ्यांशिवाय कुणी उरलं नाही तेही सांगितलं. बाकांवर शांतता होती. एकदोघे मान डोलवत होते. फानियासला वाटलं, निभावलं.

"बरं, मग आमच्याकडून तुम्हाला काय हवंय?" अध्यक्षाने विचारलं. अगदी आपुलकीने विचारलं, आणि तिथेच घात झाला. म्हातारा विरघळला.

"पाठच्या भावा," तो म्हणाला, "वाईच..."

पुढचं बाकांनीच म्हटलं. पाचशेंच्या सभेत कुणी मांड्या थोपटल्या, कुणी शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं. हेगीलोसही आधी हसला. त्याला वाटलं, मंडळी खूश झाली. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"अरे, तो बघा!" एक सभासद कठड्याकडे बोट दाखवून ओरडला. "कोरसात नाचलेला परीट! स्कितोनला म्हातारा यानेच शिकवला. ये रे पुढे, करून दाखव!"

हेगीलोसने वळून पाहिलं. "तू शिकिवलंस?"

फानियासला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. त्याने मान खाली घातली.

म्हातारा कठड्यापाशी आला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "जा, करून दाव. खूश झाली तर कायतरी सोडतील. गावाचं काम हाय."

फानियास पुढे गेला. बापाच्या शेजारी उभं राहून त्याने बाप केला. पाठीत वाकला, मान वाकडी केली, आवाज कापरा केला आणि शेवटी रिकामा तळवा पुढे पसरून तो थरथरवला. तालमीतही याच जागी सगळ्यात मोठा हशा येई. तसाच आला.

अध्यक्षाने डोळे पुसले. खंडणी आहे तेवढीच राहील असं सांगितलं आणि पुढच्या बेटाला बोलावलं.

बाहेर थंड वारा सुटला होता. दोघे उतार उतरू लागले. अखेर फानियासला राहवलं नाही. "बाबा, चुकलो मी. मला माफ करा."

म्हातारा थांबला. रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"आवाज झकास काढलास," तो म्हणाला. "मान बी माजीच. पर त्यो हात... मी कंदी हात पसरत न्हाई रं, पोरा."

खरं होतं. तो हात फानियासने स्वतःच्या पदरचा घातला होता, आणखी थोडा हशा मिळावा म्हणून.

हेगीलोसने झगा खांद्यावर नीट ओढून घेतला आणि तो चालू लागला. फानियास त्याच्या मागून निघाला. बरोबरीने चालायचा त्याला धीर झाला नाही.