गाळात खोचलेलं गवत

धाकट्या दिराला मी लहानाचा मोठा केला, आणि त्याने काय करावं? आम्ही सासू-सुनांनी लावलेलं गवत माणसं लावून उपटून टाकलं.

नदीकाठची दलदल होती तोवर पुराचं पाणी तिथेच लोळून माघारी जायचं. दलदल खचली तसं ते थेट स्वयंपाकघरात यायला लागलं. भिंत पडली, आम्ही बांधली, पुन्हा पडली. पुढची बांधायला माझे मालक उरले नाहीत.

आता बोटींना वाट हवी म्हणून नदीचा तळ उपसतात. तो गाळ आधी लांब नेऊन टाकायचे. आता जाड नळातून आमच्या काठाशी सोडतात, दलदल पुन्हा उभी राहावी म्हणून. माझा थोरला मुलगा त्याच उपशाच्या बोटीवर आहे. पण गाळात गवत रुजलं तरच तो टिकणार, नाहीतर पुढच्या पुराबरोबर गेला. म्हणून आम्ही कंबर मोडेस्तोवर रोपं खोचली.

दिराचं म्हणणं, आयती जमीन दारात आलीय, गोदाम बांधू. गवताने मूळ धरलं की सरकार बांधू देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. सुना म्हणाल्या, घरातलं भांडण चारचौघांत नको. मी म्हटलं, भांडतंय कोण? रोपं उचला. उपटलेलं सगळं पुन्हा लावलं.

मग स्वारी स्वतः आली, माणसं आणि जागा आखायच्या खुंट्या घेऊन, इस्त्रीच्या कपड्यांत. गाळाने वरून खपली धरली होती, आत नुसती लापशी. मी काठावरून बजावलं, फळी टाकल्याशिवाय पाय टाकू नका. तर म्हणतो, वहिनी, जमीन मला शिकवू नका. थोडा रुबाबात चालला आणि कमरेपर्यंत आत गेला.

"वहिनी, फळी टाका."

"जमिनीवर फळी कशाला लागते?"

"चेष्टा पुरे. चिखल आहे हा."

"जरा मोठ्याने. तुमच्या माणसांना ऐकू गेलं नाही."

"चिखल आहे!"

फळीवर मी पालथी पडले, सुनांनी माझे पाय धरले, आणि ओढला बाहेर. बूट राहिले आत. काठावर बसला, लहानपणी धरायचा तसा माझा हात घट्ट धरून. मी तो सोडवून घेतला नाही.

"भावजी," मी म्हटलं, "मी आहे तोवर इथे चिखलच राहील. आणि माझ्यामागे या सुना आहेत."