कापलेली चाळीस सेकंदं

रविवारी चर्चमधून आल्या आल्या सोल्बर्ग कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचने, ऑर्व्हल टोफ्टने, अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघराच्या भिंतीवर शनिवारच्या सामन्याचं रीळ लावलं. ओमाहाहून धुऊन आलेलं रीळ सकाळच्या बसने यायचं. ते दुपारपर्यंत बघून घ्यायचं आणि दोन वाजता हायवेवरच्या कॅफेत पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्धी कोचच्या हाती द्यायचं, बदल्यात त्याचं आपण घ्यायचं. छोट्या कॉलेजांचे कोच वर्षानुवर्षं असंच करत आले होते. एकमेकांवर हेर सोडायची कुणाचीच ऐपत नव्हती, म्हणून सगळ्यांनी गुमान प्रामाणिक राहायचं ठरवलं होतं. लेखी काही नव्हतं. पण रिळाला कात्री लावणाऱ्याला पुन्हा कुणी रीळ देणार नाही, हे नेब्रास्काभर सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या सत्रात त्याच्या संघातला ड्वेन वाव्रा चेंडू हातात घेऊन धावला आणि दोघांनी त्याला डोक्यावर आपटला. पोरगा उठला, आणि सरळ समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला, आपल्याच पोरांकडे तोंड करून. समोरच्यांपैकी एकाने हसत त्याला खांद्याला धरून वळवलं नि परत धाडलं. शनिवारी सगळं मैदान हसलं होतं. ऑर्व्हलही हसला होता, कारण ड्वेन म्हणजे एक नंबरचा नकल्या. पण इथे भिंतीवर पोराचे गुडघे दिसत होते. दर दोन पावलांना ते दुमडत होते. आणि वळवणाऱ्याकडे तो असा बघत होता, की आपण कुठे आहोत हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

ऑर्व्हलने तेवढा भाग चार वेळा पाहिला. 

करायचं काय, हे त्याला पक्कं माहीत होतं. पोराला डॉक्टरकडे न्यायचं आणि उरलेला हंगाम बाकावर बसवायचं. पण हंगामात उरला होता एकच सामना, वेस्टफॉल कॉलेजशी, आणि त्यानंतरच्या सोमवारी सोल्बर्ग कॉलेजचं विश्वस्त मंडळ बसणार होतं. विषय एकच: १९०९ पासून चालत आलेला फुटबॉल बंद करायचा की नाही. अध्यक्ष बियाण्यांचा व्यापारी, जन्मात कधी चेंडूला हात लावला नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. तो म्हणाला होता, "वेस्टफॉलला हरवा, मग बोलू." मैदानावर चुन्याच्या रेघा ऑर्व्हलच मारायचा, जर्सी तोच धुवायचा, उरलेल्या वेळात पोरांना मोटार शिकवायचा. अशी तेवीस वर्षं गेली होती. त्रेपन्नाव्या वर्षी त्याला दुसरं कुठलं कॉलेज दारात उभं करणार होतं? आणि ड्वेनशिवाय वेस्टफॉलला हरवणं म्हणजे दिवास्वप्नच.

हे रीळ मर्ल स्टॅडलरने पाहिलं, तर तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. वेस्टफॉलचा हा कोच ऑर्व्हलचा वीस वर्षांचा दोस्त. तो लगेच फोन करून म्हणाला असता, त्या पोराला बसव, नाहीतर मी तुमच्या डॉक्टरला कळवतो.

ऑर्व्हलने ड्रॉवरमधून ब्लेड काढलं.

"हे काय करतोयस?" दारातून त्याच्या बायकोने, आर्डिसने विचारलं.

"फाटलंय थोडं. चिकटवतो."

"मी मघापासून इथेच उभी आहे, ऑर्व्हल. वाव्रांचा ड्वेन ना तो?"

"एकच सामना, आर्डिस. एकच. मग त्याला वर्षभर झोपू दे."

"त्याची आई दर रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी राहून गाते. तिला मी काय तोंड दाखवू?"

 चाळीस सेकंदांची पट्टी त्याने कापली, चुलीत टाकली आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. घाईत सांधा वेडावाकडा बसला.

कॅफेत मर्ल राजमा-खिम्याची तिखट चिली आणि दालचिनीचा रोल मागवून बसलाच होता. "काय रे म्हाताऱ्या, तोंड का असं? प्रवचन लांबलं काय?"

"नेहमीसारखंच."

"सोमवारचं काय? हरलास तर खरंच बंद करतायत?"

"हरलो तर तुझ्याकडे येतो टॉवेल धुवायला."

"नको बाबा. तू पांढऱ्यात लाल टाकणारा माणूस." मर्ल खदखदून हसला. रिळांचे डबे बदलले. ऑर्व्हलचा रोल तसाच राहिला.

तो आठवडा कसा गेला, ते विचारू नका. आर्डिस घरात कामापुरतं बोलत होती. ऑर्व्हल रोज सरावाआधी ड्वेनला विचारायचा, "डोकं कसं आहे?" आणि ड्वेन म्हणायचा, "डोकं? आईला विचारतो, दिलं होतं का म्हणून." सगळे हसायचे. बुधवारी तो अवजारांच्या खोलीमागे ओकला. आदल्या दिवशीचं सॉसेज बाधलं, म्हणाला. सॉसेज बाधतं कधीकधी, असं ऑर्व्हलने स्वतःला बजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

शनिवारी सामन्याआधी मर्लने हात मिळवला, पण नजर दिली नाही. "रीळ तुटलं होतं वाटतं?"

"मशीन जुनं झालंय."

"हो का? आणि तुटलं ते नेमकं बावीस नंबरपाशी." बावीस नंबर ड्वेनचा. मर्ल कडवट हसला नि आपल्या बाजूला निघून गेला.

पहिल्या सत्रात सोल्बर्गने सात गुण घेतले. वेस्टफॉलने सहा घेतले, सातवा हुकला. सात-सहा. स्टँडमध्ये मंडळाचा अध्यक्ष चक्क उभा राहून टाळ्या वाजवत होता. ऑर्व्हलच्या ध्यानात यायला वेळ लागला. प्रत्येक डावात वेस्टफॉलचे दोन दांडगे गडी ड्वेनवर तुटून पडत होते. चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, ते आधी त्यालाच आडवा करत होते.

मग त्याला उमगलं. मर्लला सांधा दिसला होता. जे कापलं, तो बावीस नंबरसाठी बसवलेला एखादा नवा डाव असणार, असा त्याने हिशेब केला होता. कुठल्याही कोचने तोच केला असता. म्हणून त्याने आपल्या गड्यांना सांगितलं होतं, बावीसला उठू देऊ नका.

तरीही ऑर्व्हल आणखी दोन डाव गप्प राहिला. सात-सहाची आघाडी होती ना. ते दोन डाव त्याला पुढे जन्मभर पुरले.

त्यानंतरच्या डावाला ड्वेन उठला तो हातांवर रांगत. ऑर्व्हलने खेळ थांबवून घेतला आणि जे कुणी कोच करत नाही ते केलं. तो मैदान ओलांडून चालत समोरच्या बाजूला गेला. "मर्ल, त्यात डाव नव्हता रे. गेल्या शनिवारी पोराचं डोकं आपटलं, त्याला कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं. तेवढंच कापलं मी. तुझ्या पोरांना आवर."

मर्लचा चेहरा पांढराफटक पडला. वेस्टफॉलची पोरं बघत राहिली.

"मग तो आज मैदानात काय करतोय, ऑर्व्हल?"

 ऑर्व्हल वळला आणि आपल्या पोरांच्या घोळक्यात शिरला. "ड्वेन, चल बाहेर."

"कोच, मी ठीक आहे. आपण पुढे आहोत ना!"

"तू ठीक नाहीस."

"तुम्हाला काय माहीत?"

आता खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती. "रविवारपासून माहीत आहे, बाळा. मी पाहिलं होतं. तरी तुला खेळवलं."

अकराही पोरं ऐकत होती.  चेंडू फेकणाऱ्या गॅलनने ड्वेनच्या काखेत हात घातला, एकाने दुसरी बाजू धरली, आणि दोघं त्याला घेऊन निघाले. ऑर्व्हल मदतीला पुढे झाला तेव्हा गॅलन म्हणाला, "राहू द्या. आम्ही नेतो."

पंचांनी शिट्टी वाजवली. गॅलन धावत परतला. पुढचा डाव कुठला, हे विचारायला त्याने कोचकडे पाहिलंच नाही. पोरांना जवळ घेऊन त्याने तो स्वतःच ठरवला.