बाळंतिणीच्या हाताची हळद

सोमवारी सकाळी नांदूरघाटात रुद्रप्पांचं किराणा दुकान बंद होतं आणि मागच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाया ओट्यावर, पोरं भिंतीवर, गडीमाणसं मोबाइल उगारून उभी. मधोमध पाटावर रुद्रप्पांची सून रुद्राणी बसली होती. अठरा दिवसांची बाळंतीण. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. तिच्यासमोर बद्रीनाथ महाराज.

"बघा, माझ्या हातात काय बी न्हाई!" महाराजांनी बाह्या सारल्या, रुद्राणीच्या कपाळावर अंगठ्यानं हळद ओढली. "ह्या तांब्यात बारा तीर्थांचं पाणी, निवळशंख. ह्यो फडका, पांढराफेक. आता आई सटवाईच सांगंल, ही बाई हाय का बाईच्या अंगात दुसरं कुणी हाय!"

त्यांनी फडक्यानं रुद्राणीचा तळहात खसाखसा पुसला आणि फडका तांब्यात बुडवून वर काढला. लालभडक.

"रगत!" अंगण किंचाळलं.

"लेकराचं रगत! ही पोटचं लेकरू खायला बसली हाय. लेकरू सव्वा महिन्याचं हुईस्तवर हिच्या नजरंआड ठिवा. हिला खोलीत कोंडा, कडुलिंबाची धुरी द्या, एक टाइम भाकर. तिसऱ्या सोमवारी मी बाधा उतरवतो."

सासू महानंदाबाईंनी बाळ आधीच दुपट्यात गुंडाळलं होतं. त्याला उमापूरला आत्याकडं न्यायला रुद्राणीचा नवरा रवी जीप घेऊन उभा होता. रुद्राणीनं हातसुद्धा पुढं केला नाही. "न्या," ती म्हणाली, "माझ्यापाशी नकोच ते."

ओट्याच्या कडेला उभी असलेली ज्योत्स्ना हे ऐकून गारठली. ती रुद्राणीची कॉलेजातली मैत्रीण, बीएस्सी झालेली, केजला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. काल रुद्राणीनं तिला फोनवर विचारलं होतं, "मी मेले तर ह्याला दूध कोण पाजंल गं?" म्हणून ज्योत्स्ना पहिल्या जीपनं आली होती. आता हिला एकटीला कोंडलं तर काय होईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पण तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती. फडका पाण्यात जाण्याआधी पिवळा झाला होता. तो सगळ्यांनीच पाहिला. बाळंतिणीचा हात पिवळाच असायचा, त्यात काय बघायचं, म्हणून कुणी मनावर घेतला नाही. पण ज्योत्स्नाचा दिवसच लॅबमध्ये नळ्यांतले रंग बदलताना बघण्यात जायचा.

"महाराज, आणखी एकीची परीक्षा घ्या की," ती पुढं आली. "महानंदाकाकूंची. सुनेला आणि नातवाला रोज हळद-तेल त्याच चोळतात."

"माझी कामून?" महानंदाबाई फणकारल्या. "तुमच्यात देव मानीत न्हाईत. आमच्या देवात बोट घालू नको, पोरी."

"देव राहू द्या काकू, हात द्या."

"द्या की! हात काय झिजतोय व्हय?" भिंतीकडून कुणी तरी ओरडलं. गर्दीला तमाशा हवाच होता.

ज्योत्स्नानं महाराजांच्या पूजेच्या ताटातला कोरा फडका घेऊन महानंदाबाईंचा तळवा पुसला, तांब्यात बुडवला. लालभडक.

महाराज गर्दीकडं वळले. "बघितलं? बाधेनं घर बदललं! सुनंवरून सासूवर!"

"अगं आई गं!" महानंदाबाई तळवा पदराला खसाखसा पुसू लागल्या.

ज्योत्स्नानं सरळ महाराजांचा अंगठा पकडला, पुसला, फडका बुडवला. तोही लाल.

"आता तुमच्यात शिरली का?"

"महाराज, तुमी कुणाचं लेकरू खाल्लं वो?" भिंतीवरून आवाज आला आणि अंगण हसलं.

"तीर्थ नाही हे, चुन्याची निवळी आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "पानाला लावतो तोच चुना. पाण्यात कालवायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून घ्यायचं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. आपल्या आज्या कुंकू असंच करायच्या." तिनं महाराजांच्या ताटातलं लिंबू लाल फडक्यावर पिळलं. लाली विरली, पिवळा डाग परत आला. "तिसऱ्या सोमवारी बाधा अशी उतरणार होती."

हसू थांबलं. ओट्यावरून छबुबाई उठल्या. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या. त्यांनी तो फडका हातात घेतला, उलटसुलट केला.

"माझी लेक धनश्री बाळंतीण व्हती, तिच्या हाताला बी हळदच व्हती," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच फडका बुडवला. लेकरू आमी काढून घेतलं. मीच बाहेरून कडी लावली. नवव्या दिवशी भाकर द्यायला दार उघडलं, तर मला ढकलून पळाली. हिरीतनं काढली." त्या महाराजांकडं वळल्या. "हळदच व्हती व्हय रं?"

महाराजांनी तांब्या उचलला नाही, ताट उचललं नाही. गर्दीनं वाट दिली आणि त्यांची मोटरसायकल केजच्या रस्त्याला लागली. एकानंही अडवलं नाही.

ज्योत्स्ना रुद्राणीपाशी बसली. "झोप लागते का?"

"न्हाई."

"मरावंसं वाटतं?"

रुद्राणीनं मान डोलावली. "लेकरू रडलं की वाटतं, मी नसल्यालीच बरी. त्याचं भलं व्हईल."

"हा आजार आहे. बाळंतपणानंतर शरीरात उलथापालथ होते, त्यात झोप नाही. कितीतरी जणींना होतो आणि औषधानं बरा होतो. दूध पाजतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर देतात."

रवीनं जीप वळवली. आता उमापूर नाही, अंबाजोगाई, मानसोपचाराचे डॉक्टर. बाळ आईच्या मांडीवर, शेजारी ज्योत्स्ना. महानंदाबाई खिडकीशी वाकून कुजबुजल्या, "डागदर तर डागदर. पण येड्याच्या डागदराकडं गेलो म्हणून गावात सांगू नको, पोरी."

अंगण भरून लोकांनी सुनेला लेकुरखाई म्हणून पाहिलं, त्याची लाज नव्हती. लाज डॉक्टरची होती.

हळद चुन्यानं लाल होते, हे शाळेच्या पुस्तकात आहे. आपण पाठ केलं, मार्क घेतले आणि अंगणात विसरलो. गरोदर बाई गप्प झाली, बाळंतीण रात्रंदिवस जागी राहिली, लेकराला जवळ घेईना, भलतंच बोलू लागली, तर तिचा हात पुसू नका. तिला विचारा. मरणाचं बोलली तर एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दवाखाना लांब असेल तर १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत. धनश्री कडीआड नऊ दिवस जिवंत होती, आणि झोप लागते का, एवढंही तिला कुणी विचारलं नाही.