माझ्या अंगचं जस्त

मित्रांनो, टाकवे बुद्रुकच्या पुढे, आंदर मावळात धोंडाबाईंचं घर आहे. त्यांच्या पडवीत पालथी पडलेली जुनी बादली म्हणजे मी. आता माझं बूड गळतं, त्यामुळे माझ्याकडे कुणी फिरकत नाही. पण माझ्यामुळे एक मोठी चूक झाली. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

कारखान्यात मला लोखंडी पत्र्यातून घडवलं आणि गंज लागू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुचकळलं. तो मुलामा मी दागिन्यासारखा मिरवला. धोंडाबाईंनी मला वडगावच्या बाजारातून आणलं, तेव्हा शेजारच्या भागुबाईसुद्धा मला वाजवून बघून गेल्या. पेरणीआधी तर माझा मोठा मान. धोंडाबाई माझ्यात पाणी भरत, अंडं तरंगेपर्यंत मीठ टाकत आणि त्यात बियाण्याचं भात ओतत. पोचट दाणे वर येत, भरीव तळाशी बसत. मीठ अंगाला झोंबे, पण मी फुशारून जाई.

एके वर्षी तळेगावहून नीरजाताई आल्या. त्या शास्त्रज्ञ. जस्त कणभरच लागतं, पण तेवढंही मिळालं नाही तर माणूस काय नि रोप काय, वाढ खुंटते, असं त्यांनी पडवीत बसून समजावलं. भाताच्या पेशीत एक जनुक असतं. जस्त कमी पडलं की ते जागं होतं आणि मुळांना जस्त ओढायला लावतं. कमी जस्तातही तग धरणारं भात त्या गावोगाव शोधत होत्या. धोंडाबाईंनी त्यांना दोन शेर बियाणं दिलं. ते सकाळपासून दुपारपर्यंत माझ्यातल्या मिठाच्या पाण्यात होतं, मग धुऊन वाळवलेलं.

पुढच्या खेपेला ताई पेढे घेऊनच आल्या. रोपांना जस्त दिलं नाही, तरी धोंडाबाईंची रोपं हिरवीगार आणि त्यांच्यातलं जनुक गाढ झोपलेलं, म्हणजे या भाताला जस्ताची उणीव जाणवतच नाही, असं ताईंना वाटलं. भागुबाईंनीही ताईंना आपलं तांबडं भात दिलं होतं, त्याचा दुसरा नंबर आला. ताईंनी शोधनिबंध छापला. अख्ख्या वाडीने धोंडाबाईंचं बियाणं नेलं आणि मीही उगाच ऐटीत राहिले.

दोन वर्षांनी ताईंनी धोंडाबाईंच्या मुलाकडून, कैलासकडून, शेतातल्या ताज्या लोंब्या नेल्या. त्यांच्या दाण्यांपासून उगवलेल्या रोपांतलं जनुक इतरांसारखंच जागं झालं. ताई गोंधळल्या. बियाणं कसं निवडता ते पहिल्यापासून दाखवा, म्हणाल्या. धोंडाबाईंनी माझ्यात मीठ टाकलं, तशा ताई थबकल्या. त्यांनी माझ्या आतून बोट फिरवलं, तर पांढरी भुकटी लागली.

“मावशी, मला दिलेलं बियाणंही यातच होतं?”

“व्हय. पावण्याला पोचट दाणं द्यायचं म्हंजी बरं दिसतं का?”

ताईंचा चेहरा उतरला. मिठाच्या पाण्यात माझ्या अंगचं जस्त सुटून दाण्यात मुरलं होतं. रोपं उपाशी नव्हतीच, मग जनुक जागं कशाला होईल? धोंडाबाई मला फेकायला निघाल्या, तेव्हा ताईंनी त्यांना अडवलं. “मी मातीचं विचारलं, पाण्याचं विचारलं, भांड्याचं विचारलंच नाही, चूक माझी,” असं त्या म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यांना गप्प बसता आलं असतं. पण त्यांनी आपला निबंध आपणहून मागे घेतला.

आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या आणि भागुबाईंना बोलावून घेतलं. धोंडाबाईंचं भात वगळल्यावर तांबडंच पहिलं ठरत होतं. ते बांबूच्या कणगीत राहिलेलं, धातूला कधी न लागलेलं. त्याचं ओंजळभर बियाणं ताईंना हवं होतं.

भागुबाई खांबाला टेकल्या.

“ताई, तुमी धोंडाबाईचं लय भारी म्हनला, म्हनून आमी समद्यांनी त्येच पेरलं. तांबडं आता कुनाकडंच न्हाई. ऱ्हायलेलं आमी दिवाळीला शिजवून खाल्लं.”

ताईंकडचे दाणे तपासणीत दळून संपले होते. धोंडाबाईंनी ठेवलेला चहा तसाच निवला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. तुम्हाला आहे, तेव्हा कोणती वस्तू कशात ठेवली होती, एवढं विचारत जा. आणि नवं कितीही चांगलं निघो, जुन्याची एक मूठ बाजूला ठेवा. छापलेला निबंध मागे घेता आला. शिजलेलं बियाणं कुणालाच मागे घेता आलं नाही.