मुलीची नाळ

वहिनी बाळंत झाली तेव्हा बाळाची आत्या बर्फाचा डबा घेऊन दवाखान्यातच थांबली होती. तिच्या प्रयोगशाळेला ताजी नाळ हवी होती. वहिनीने कागदावर सही केली.

"काय करणार तिचं?" दादाने बहिणीला विचारलं.

"तिच्यातल्या मूळ पेशी वाढवणार, त्यांच्यापासून हाडंही घडतात. रंगात, पावडरीत पांढरी भुकटी असते ना, टायटॅनियम डायऑक्साइड? तिचे अगदी बारीक कण पेशींचं काय करतात, ते बघायचंय."

त्या दोघांची आई खिडकीबाहेर बघत होती. "ने बाई. दुसरीही मुलगीच."

प्रयोगशाळेत त्या पेशींची बडदास्त मोठी. ऊब ठरलेली, दिवसाआड ताजं पोषणद्रव. आत्या सुट्टीच्या दिवशीही त्यांना बघून यायची. कण घातलेल्या बशीत पेशी मेल्या नाहीत. पण त्यांची वाढ मंदावली, आणि ज्यांनी हाड घडवायचं त्यांनी ते जेमतेम घडवलं.

"मेल्या नाहीत म्हणजे बऱ्या आहेत, असं लिहू नकोस," प्रयोगशाळेतले सर म्हणाले. "त्यांना काय जमेनासं झालं, ते लिही."

आत्याने नीट लिहिलं.

घरी वहिनीला दूध पुरत नव्हतं. डब्यातल्या पावडरीचं दूध आई दुप्पट पाणी घालून पाजायची. "पोरी चिवट असतात," म्हणायची. बाळाचे हात काटकुळे झाले, रडणं बारीक झालं. आत्याने एकदा विषय काढला, "आई, डॉक्टरांना दाखवू या का?"

"तुझ्या लॅबमधला उंदीर नाही ती!"

आत्या कसनुसं हसली आणि पायात चपला सरकवून कामावर गेली.

अडीच महिन्यांची असताना पोरीला ताप भरला. दादा तीन दिवस "उद्या नेऊ" म्हणत राहिला. चौथ्या सकाळी ती रडायची थांबली. वहिनीला वाटलं, उतार पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला उचललं आणि क्षणभर कुणाकडेच बघितलं नाही. दुपारी सगळं संपलं.

शेजारणी भेटायला आल्या. आई डोळे पुसत म्हणाली, "जन्मतःच अशक्त होती हो. नशीब तिचं."

"नाही," आत्या म्हणाली. "चांगली तीन किलोची होती. मी होते तिथे. आपण तिला पाणी पाजलं, तापात घरी ठेवलं. आणि मला रोज दिसत होतं."

"लोकांसमोर काय हे?" दादा दबक्या आवाजात खेकसला.

"घरात सगळ्यांना ठाऊकच आहे, दादा."

भिंतीला टेकून बसलेली वहिनी म्हणाली, "मलाही दिसत होतं." तिने थोरल्या लेकीला मांडीवर ओढलं आणि इतकं घट्ट धरलं, की ती कळवळली.

पुढच्या रविवारी आत्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन तान्ह्या बाळांची वजनं बघायला निघाली. गल्लीच्या टोकाला एका घरात नुकतीच मुलगी झाली होती. दार घरातल्या म्हाताऱ्याने उघडलं.

"मुलगी आहे, पण तिला काय बघायचं? धडधाकट आहे."

"दाखवा तरी," आत्या म्हणाली, आणि दारातच बसली.