मिल्काबाईंचा प्रश्न

“काका, हे हिब्रू नाहीच,” विद्यापीठातल्या हिब्रूच्या वर्गात ऋचा मॅडम म्हणाल्या.

बेंजीकाकांना वाटलं, आपण भलतंच पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा वर सारला, पुन्हा खाली घेतला, पुस्तक स्वतःकडे फिरवून पाहिलं. प्रार्थनेचं पान बरोबर होतं. अक्षरंही तीच होती, गेले काही महिने गिरवलेली, उजवीकडून डावीकडे जाणारी.

“अहो, अक्षरं तर हिब्रूच आहेत की!”

“अक्षरं हिब्रू, भाषा अरामी. बहीणच म्हणा ना तिची. मराठी आणि हिंदी नाही का एकाच लिपीत लिहीत आपण? शेवटची ओळ तेवढी हिब्रूत आहे. म्हणून तुम्हाला काही शब्द ओळखीचे वाटले आणि बाकीचे लागेनात.”

काकांच्या शेजारच्या बाकावर पद्मजाताई सरपोतदार होत्या. शनिवार पेठेतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर आधी जर्मन, मग मोडी आणि आता हे, असा त्यांचा शिकण्याचा सपाटा चालू होता.

“म्हणजे अवासकर, सगळे कागद घेऊन इतके महिने रांगेत उभे राहिलात आणि खिडकी दुसरीच निघाली,” त्या म्हणाल्या. मग काकांचा चेहरा त्यांनी पाहिला. बोललेलं वाक्य परत घेता येत असतं तर त्यांनी तेव्हाच घेतलं असतं.

खिडक्यांची बेंजीकाकांना माहिती होती. स्वारगेटच्या एसटी स्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे त्यांची एकतीस वर्षं गेली. बेंजामिन अवासकर हे नाव तिथे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आवाज मात्र सगळ्यांना ठाऊक होता. भोर, वेल्हे, महाड, कुठलीही गाडी असो, कर्ण्यातून तो आवाज आला की पेंगणारी माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. प्रत्येक सूचना दोनदा द्यायची, हा तिथला नियम. पहिल्यांदा सांगितलेलं कुणी ऐकत नाही, दुसऱ्यांदा सांगताना सगळ्यांचे कान टवकारतात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ही सवय त्यांच्यासोबत घरीही आली. “दूध उतू जातंय,” असं त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं की मिल्काबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “बास, ऐकलं!”

अवासकर मूळचे कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचे. ते बाकी काय करतात, काय मानतात याची गावाला फारशी फिकीर नव्हती. शनिवारी तेल मिळत नाही एवढं गावाने लक्षात ठेवलं. पुढे घाणा गेला, गाव गेलं, शनिवार राहिला. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायचा, भिजवलेल्या मनुकांचं सरबत घ्यायचं आणि प्रार्थना म्हणायची. बेंजीकाकांच्या वडिलांनी सगळ्या प्रार्थना एका लांबट वहीत देवनागरीत उतरवून ठेवल्या होत्या. उच्चार हिब्रू, अक्षरं बाळबोध, आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे तांबड्या शाईची रेघ. त्या वहीवरून बेंजीकाका चाळीस वर्षं प्रार्थना म्हणत आले होते. रास्ता पेठेतल्या प्रार्थनामंदिरात लोक त्यांना आग्रहाने पुढे उभं करत. ते म्हणायचेही सुंदर. अर्थ मात्र एका शब्दाचाही ठाऊक नव्हता.

आणि संसार कुणाशी करायचा, तर मिल्काबाईंशी! महापालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला त्यांनी तेहतीस वर्षं शिकवलं. घोकंपट्टी त्यांना खपत नसे. एखादा पोरगा कविता धडाधड म्हणून विजयी मुद्रेने बघायला लागला की त्या विचारायच्या, “छान. आता अर्थ सांग. गाइडमधला नको, तुझ्या शब्दांत सांग.”

मागच्या वर्षी त्यांच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, दवाखान्याच्या खाटेवर, छताकडे बघत त्यांनी विचारलं होतं, “अहो, मी गेल्यावर तुम्ही कद्दीश म्हणाल ना, त्याचा अर्थ काय हो?”

कद्दीश म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्यामागे म्हणायची प्रार्थना. बेंजीकाकांनी ती आई-वडिलांसाठी म्हटली होती, भावासाठी म्हटली होती. पण त्या दिवशी ते आधीच घाबरलेले होते, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. ते चिडले.

“काय अभद्र बोलतेस! आणि अर्थ देवाला कळतो, तेवढं पुरे.”

मिल्काबाईंनी कूस बदलली. “तुम्हाला कळला असता तर बरं झालं असतं,” एवढंच त्या भिंतीला म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

खरं तर कद्दीश मुलाने म्हणायचा. त्यांचा मुलगा रूबेन इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो, तो तिकडे म्हणत होताच. पण बेंजीकाकांनीही इथे अकरा महिने, दहा पुरुष जमतील त्या प्रत्येक शनिवारी तो म्हटला. दहा जमल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही. कितीतरी शनिवारी आठ किंवा नऊच जमले आणि ते वही मिटून घरी आले. जेव्हा म्हणायला मिळायचा, तेव्हा एका ठरावीक शब्दापाशी त्यांचा गळा दाटून यायचा. नक्की इथेच तिच्याविषयी काहीतरी आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

रूबेन फोनवर म्हणाला होता, “पप्पा, नेटवर टाका ना, दोन मिनिटांत मीनिंग येईल.” बेंजीकाकांनी ते केलं नाही. गाइडमधला अर्थ मिल्काबाईंनी चौथीच्या पोराकडून घेतला नाही, तो नवऱ्याकडून घेतला असता होय? जूनमध्ये पेपरात विद्यापीठाची जाहिरात आली: यहुदी इतिहास, भाषा आणि संस्कृती, एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. एकाहत्तराव्या वर्षी बेंजीकाका फॉर्म भरून आले. हिब्रू शिकायचं, आणि मिल्काबाईंच्या वर्षदिनाच्या आत कद्दीश स्वतः वाचून तिला अर्थ सांगायचा. कुणाला विचारायचं नाही.

वर्ग अकरा जणांनी सुरू झाला. दिवाळीनंतर पाच राहिले, संक्रांतीनंतर तीन. विद्यापीठाने कळवलं की किमान दहा विद्यार्थी नसतील तर पुढच्या वर्षी अभ्यासक्रम नाही.

“इथेही दहाच का?” पद्मजाताईंनी विचारलं होतं. त्यावर जेरुसलेमला तीन वर्षं शिकून आलेल्या ऋचा मॅडम नुसत्या हसल्या.

आणि आता वर्षदिनाला उणेपुरे अठरा दिवस उरले असताना कळत होतं की भाषाच वेगळी.

“अरामीत का लिहिला पण?” बेंजीकाकांनी विचारलं. त्यांचा तो मोठा आवाज पार खाली गेला होता.

“तेव्हा साध्या लोकांची बोली अरामी होती, काका. हिब्रू पंडितांना यायची. ही प्रार्थना अडाण्यातल्या अडाण्यालाही कळावी, म्हणून बोलीभाषेत ठेवली, असं सांगतात.”

बेंजीकाकांनी मान हलवली. सगळ्यांना कळावी म्हणून लिहिलेली गोष्ट चाळीस वर्षं आपण न कळता म्हणत होतो, हे त्यांना फार लागलं. मग त्यांनी पहिल्यांदाच कुणाजवळ तरी ते बोलून दाखवलं. दवाखाना, ती दुपार, भिंतीकडे वळलेली मिल्का, सगळं. पद्मजाताई पिशवीतला रुमाल शोधण्यात बराच वेळ गुंतून राहिल्या.

“वर्ग संपल्यावर थांबाल रोज तासभर?” ऋचा मॅडम म्हणाल्या. “मी सांगणार नाही अर्थ. तुम्हीच काढा. मी फक्त शब्द उघडून दाखवते.”

रोज सकाळी ते रास्ता पेठेतून बस बदलत विद्यापीठात जात. एक वही, डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. नाव. मोठं. राज्य. स्तुती, आणि पुन्हा स्तुती, आणि त्याहूनही वरची स्तुती. शांती. दहाव्या दिवशी ते त्या शब्दाशी येऊन पोचले, जिथे त्यांचा गळा दाटायचा.

“हा?” त्यांनी विचारलं.

“ओळीबरोबर वाचा. राज्य यावं, तुमच्या हयातीत यावं, आणि...”

त्यांनी त्या शब्दाचं मूळ हिब्रूतल्या मुळाशी लावून पाहिलं. “लवकर,” ते म्हणाले. “लवकर यावं.”

“बरोबर.”

स्वारगेटवर हा शब्द त्यांनी दिवसातून पन्नास वेळा म्हटला असेल. गाडी लवकरच सुटेल, प्रवाशांनी कृपया... ते वहीकडे बघत राहिले.

“मॅडम, यात मरणाचा शब्द कोणता?”

“नाहीये, काका.”

“गेलेल्या माणसाचा? बायकोचा? दुःखाचा तरी?”

“नाही. कद्दीशात तसं काहीच नाही. फक्त त्याची थोरवी, आणि शेवटी शांती. म्हणणारा म्हणतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. आमेन म्हणायला कोणी हवं, म्हणून दहा माणसं.”

अकरा महिने ते देवासमोर उभं राहून तिच्याविषयी बोलत होते, निदान तशी त्यांची समजूत होती. त्या सगळ्यात तिचं नाव एकदाही नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते रडले. एकाहत्तर वर्षांचा माणूस भरदुपारी विद्यापीठाच्या रिकाम्या वर्गात रडला.

वर्षदिन बुधवारी आला. बेंजीकाकांनी आठवडाभर फोन करून स्वतःला धरून दहा जण नक्की केले होते. सकाळी नऊला कबरस्तानात माणसं जमली. कुणी ऑफिसला उशिरा येतो म्हणून सांगून आलेलं, कुणी कंबरेला पट्टा बांधून आलेलं. पद्मजाताई आणि ऋचा मॅडमही आल्या, मागे डोक्यावर ओढणी-पदर घेऊन उभ्या राहिल्या.

माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत, ही जुनी रीत. दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचा. बेंजीकाकांनी वचन म्हणत नजर फिरवली. नऊ शब्द नऊ जणांवर बसले, नववा स्वतःवर. दहावा शब्द कुणाच्याच वाट्याला आला नाही. तो शब्द हिब्रू होता, आणि आता त्याचा अर्थ त्यांना येत होता: सर्वकाळ.

दहावे शालोम राजपूरकर. पाऊण तास वाट पाहिल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. पप्पांचं बीपी वाढलंय, डॉक्टर हलू देत नाहीत, सॉरी अंकल.

“मी टोपी घालून उभी राहिले तर?” पद्मजाताई म्हणाल्या. “आवाज माझा कुठल्याही पुरुषाहून कमी नाही.”

एकदोघे हसले. बेंजीकाकाही हसले. “तुम्ही आलात ते पोचलं तिला,” ते म्हणाले. “पण हे असं नाही चालत, ताई.”

स्तोत्रं वाचून झाली, त्यांना माणसांचं बंधन नसतं. तेवढा कद्दीश राहिला. लोकांनी रीतीप्रमाणे कबरीवर एकेक खडा ठेवला, काकांचा हात हातात घेतला, घड्याळं पाहिली. “पुढच्या शनिवारी जमवू आपण,” असं म्हणत माणसं पांगली. पद्मजाताईंनी स्कूटरवर सोडते म्हटलं.

“तुम्ही व्हा पुढे. मी येतो मागनं. तुम्ही व्हा पुढे.”

फाटक वाजल्याचा आवाज आल्यावर बेंजीकाका कबरीच्या कडेला बसले. दगडावर मराठीत मिल्काबाईंचं नाव होतं, वर एक ओळ हिब्रूत होती. ती आता त्यांना वाचता येत होती. वडिलांची वही त्यांनी काढली नाही, स्वतःचीही पिशवीतच राहू दिली.

“अर्थ विचारला होतास ना,” ते म्हणाले. “एकट्याने कद्दीश म्हणता येत नाही. पण अर्थ सांगायला कुणाची बंदी नाही, मॅडमना विचारून घेतलंय. गाइडमधला नाही. मी काढलाय.”

मग त्यांनी सांगितलं. त्याचं नाव मोठं आहे, हे जग त्याने त्याच्या मनासारखं केलं. त्याचं राज्य यावं, आपल्या हयातीत यावं, लवकर यावं. त्याची कितीही स्तुती केली तरी ती थिटीच पडते. वरून शांती यावी, आपल्यावर आणि सगळ्यांवर. जिथे बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, तिथे ते थांबत होते. नऊ माणसांना आमेन म्हणायला लागतो तेवढा वेळ थांबत होते आणि पुढे जात होते.

“तुझं नाव नाही त्यात,” शेवटी ते म्हणाले. “मी सगळं शोधलं. तू गेलीस, हेसुद्धा कुठे लिहिलेलं नाही. मी त्या दिवशी चिडायला नको होतं, मिल्का. एवढाच अर्थ आहे.”

फाटकाबाहेरून पीएमपीची एक बस गेली. बेंजीकाकांनी दगडावरची धूळ रुमालाने पुसली, चष्मा पुसला. मग सवयीने त्यांनी घसा खाकरला, आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगितलं. मध्येच कुणी ‘बास, ऐकलं’ म्हणेल म्हणून ते प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबत होते.