त्रिनेत्रबाबांची वही

भवानीपूरच्या त्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. हरवलेला माणूस कुठे आहे ते त्रिनेत्रबाबा डोळे मिटून सांगत, आणि माणूस नेमका तिथे सापडे! शकुनची वहिनी कालिंदी हात जोडून बसली होती. शकुनला मात्र बसवत नव्हतं. तिचे वडील अण्णा अलीकडे सगळंच विसरत, म्हणून वहिनीने त्यांच्या मनगटाला बाबांचा गंडा बांधला होता. आज सकाळी इन्सुलिन टोचून घेतल्यावर काही न खाताच ते खिदिरपूरच्या घरातून निघून गेले होते. आता अकरा वाजत आले होते.

"पोलिसांत जाऊ, वहिनी."

"वन्सं, जरा दम धरा! अण्णांना तीनदा शोधून दिलंय बाबांनी. पोलिसांत गेलं की त्यांची दृष्टी मावळते म्हणतात."

"बेटी, तीसरा नेत्र जाग रहा है," बाबा गरजले. "धुआँ दिखता है... पानी दिखता है..."

कलकत्त्यात धूर आणि पाणी कुठे दिसत नाही? शकुन मनात चरफडली. तेवढ्यात चेला दिवा लावायला म्हणून आत गेला आणि कोपऱ्यातल्या टेलिफोनची घंटी बारीक किणकिणू लागली.

शकुनची नोकरीच टेलिफोन खात्यातली. एकाच लाइनवर दुसऱ्या फोनची तबकडी फिरवली की पहिला असा किणकिणतो. तिने ठोके मोजले. पहिले दोन आकडे खिदिरपूरचे. पुन्हा खिदिरपूर. तिसऱ्यांदाही तेच. मग चेल्याने दारातून नकाराची मान हलवली, ती बाबांनी किलकिल्या डोळ्यांनी टिपली.

"खिदिरपूर!" बाबांनी डोळे उघडले. "घर के पास ही है. शाम तक लौटेगा."

लोकांनी जयजयकार केला. शकुन तडक आत घुसली आणि चेल्याच्या हातातली वही घेऊनच बाहेर आली.

"वहिनी, हे वाचा. प्रत्येक वस्तीतल्या नाक्यांवरचे पानवाले, त्यांचे फोन नंबर, आणि कोण कधी कुठे उतरलं त्याच्या नोंदी. बाबांचा गंडा बांधलेला माणूस नव्या वस्तीत ट्राममधून उतरला की पानवाला एक फोन करतो. पावलापावलाला नाही. आपण विचारायला आलो की चेला तेवढ्याच वस्तीत फोन फिरवतो. चालत्या मोटारीतल्या टेलिफोनला कसं गाठायचं, यावर आमच्या ऑफिसातही असाच विचार चाललाय. सारखी खबर घेतली तर लाइनी तुंबतात, आणि मुळीच घेतली नाही तर शहरभर हाका माराव्या लागतात."

"पण खिदिरपूर..."

"ती कालची नोंद! आज तिन्ही दुकानांतून आलेलं उत्तर चेल्याने खाली लिहिलंय: पाहिलं नाही. दुसऱ्या कुठल्याही वस्तीत उतरले असते तर फोन आला असता. आज हरताळामुळे दुकानं बंद आहेत ती फक्त सियालदहकडची."

तिने तिथूनच सियालदहच्या रेल्वे पोलिसांना फोन लावला. अण्णा एका बाकाखाली घामाने निथळत पडलेले सापडले. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, साखर फार उतरली होती; अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं.

कालिंदी रडत होती. "तीनदा तर खरं सांगितलं होतं हो त्यांनी!"

"सांगितलं होतं ना," शकुन म्हणाली. "युक्ती हुशारीचीच आहे. पण आमच्या एक्स्चेंजला माणूस सापडला नाही, तर ते तसं सांगतं. बाबांना आज ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते बोलले. वहिनी, ज्याच्या तोंडून 'मला माहीत नाही' कधीच निघत नाही, त्याच्या भरवशावर आपलं माणूस सोडू नये."